नाथसागराच्या काठची भुरी

मुलांनो, एक सोपा प्रश्न विचारते. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा कोणता? बरोबर! आपला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर. आता दुसरा प्रश्न. या एवढ्या मोठ्या जिल्ह्याला समुद्र आहे का? तुम्ही नकाशा काढाल, बोट फिरवाल आणि हसाल. समुद्र तर सह्याद्रीच्या पलीकडे, कोकणात! पण शेवगाव किंवा नेवासे तालुक्यातल्या एखाद्या मुलाला विचारून बघा. तो छाती काढून सांगेल, "आमच्याकडे सागर आहे की!" तो थाप मारत नाही बरं का. त्याच्या सागराचं नाव आहे नाथसागर.

पैठणला गोदावरीवर जायकवाडीचं धरण आहे. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली पंतप्रधान इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत आणि तिला सत्तावीस दरवाजे. या भिंतीने अडवलेलं पाणी मागे मागे पसरत गेलं आणि मोठा जलाशय झाला. पैठण हे संत एकनाथांचं गाव, म्हणून जलाशयाचं नाव नाथसागर. पूर्ण भरला की याची लांबी सुमारे पंचावन्न किलोमीटर होते. धरण पैठणला, पण पाण्याचा फुगवटा थेट आपल्या जिल्ह्यात. काठावर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसत नाही, वारा सुटला की लाटा फुटतात. मग सागर नाही तर काय म्हणायचं?

या पाण्यात आपल्या जिल्ह्याचंही पाणी आहे. अकोले तालुक्यात रतनगडावर पडलेला पाऊस प्रवरा नदीतून भंडारदऱ्याच्या धरणात येतो. तिथून प्रवरामाई अकोले, संगमनेर करत, ज्या नेवाशात ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरी सांगितली त्या नेवाशावरून पुढे जाते आणि प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. तिथून पुढे सगळं नाथसागराच्या पोटात.

आता गंमत ऐका. भंडारदरा डोंगरात आहे. तो कळशीसारखा, तोंड लहान आणि खोली मोठी. नाथसागर सपाट रानात आहे, म्हणून तो परातीसारखा उथळ आणि पसरट. कळशीतलं पाणी चार बोटं कमी झालं तर पटकन कळत नाही. परातीतलं चार बोटं कमी झालं की कडेची केवढी तरी परात उघडी पडते. नाथसागराचं तसंच आहे. पाण्याची पातळी थोडी उतरली की काठ दूर पळतो. पावसाळ्यात जिथे होडी बांधलेली असते, तिथून उन्हाळ्यात पाणी गाठायला चांगलीच पायपीट करावी लागते. खऱ्या समुद्राला रोज दोनदा भरती-ओहोटी येते. आपल्या सागराला वर्षातून एकदाच. भरती श्रावण-भाद्रपदात आणि ओहोटी चैत्र-वैशाखात!

आणि या सरकत्या काठावर एक मांजर राहते. तिचीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना उन्हाळ्यात पटनोंदणीसाठी वाड्यावस्त्यांवर जावं लागतं. २०२४ सालच्या मे महिन्यात अशीच मी शेवगाव तालुक्यात काठावरच्या एका मासेमारांच्या वस्तीवर गेले होते. त्या वर्षी नाथसागराचा जिवंत साठा अगदी तळाला गेला होता. जिवंत साठा म्हणजे कालव्यात सोडता येतं ते पाणी. त्याच्या खालचं, जे दरवाजांपर्यंत पोचतच नाही, तो मृतसाठा. एकूण एकशे दोन टीएमसीपैकी सव्वीस टीएमसी पाणी मृतसाठ्याचं असतं. नाव मृतसाठा, पण मासे, पक्षी आणि मासेमार त्या दिवसांत त्याच्यावरच जगतात.

गाळाच्या भेगाळलेल्या मैदानात चार-पाच पालं होती. थर्माकोलचे तराफे उन्हात पडले होते. त्यातल्या एका तराफ्याच्या सावलीत राखेच्या रंगाची, एका कानाचं टोक फाटलेली, हाडं मोजून घ्यावीत अशी एक मांजरी बसली होती. मी दोन पावलं पुढे गेले, ती चार पावलं मागे सरकली.

"आजी, तुमची का हो मांजर?" मी पालातल्या आजींना विचारलं.

"आमची कशाची, बाई! कोन्ही तरी गोनीत घालून आनली आन टाकून दिली. गोनीला भोक व्हतं म्हून वाचली. संगं दोन पिल्लं व्हती, ती न्हाई ऱ्हायली."

मुलांनो, ही गोणीची रीत तुमच्याही कानावर आली असेल. घरात मांजराला पिल्लं झाली आणि नकोशी वाटली की लोक त्यांना पोत्यात घालून गावाबाहेर, शक्यतो नदीपलीकडे सोडून येतात. मांजराने वाट ओळखून परत येऊ नये म्हणून पोत्याचं तोंड बांधायचं. सोडणाऱ्याला वाटतं, "मारलं तर नाही ना, सोडलंच आहे. जगेल कुठेतरी." हे 'कुठेतरी' म्हणजे नेमकं कुठे आणि 'जगेल' म्हणजे कसं, ते मला भुरीने वर्षभर दाखवलं. वस्तीवरची तीन मुलं आमच्या शाळेत येऊ लागली, त्यामुळे माझंही तिकडे जाणं होत राहिलं.

आधी उन्हाळ्याचं सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो, आपल्याला घाम येतो. मांजराला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, तोही थोडा. मग ती काय करते? अंग चाटते. थुंकी वाळताना अंग गार होतं, जसं माठातलं पाणी गार होतं तसं. दिवसभर सावलीत पडून राहायचं आणि रात्री हिंडायचं, असा भुरीचा नेम होता. मांजराचे पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातली रानमांजरं. त्यामुळे मांजराची मूत्रपिंडं पाण्याच्या बाबतीत फार काटकसरी असतात. शिकारीच्या अंगातल्या ओलाव्यावरच तिचं बरंचसं भागतं. शास्त्रज्ञांनी तर असं पाहिलं आहे की अडचणीच्या वेळी मांजर समुद्राचं खारं पाणीसुद्धा पचवू शकतं. आपला सागर गोड्या पाण्याचा, पण उन्हाळ्यात तो भुरीपासून दूर पळायचा. पालं पाण्यामागे सरकली की तीही मागोमाग सरकायची. जाळ्यातून निवडून टाकलेली बारीक चिलापी, कापलेल्या मासळीची डोकी, हे तिचं जेवण. ज्या दिवशी जाळं रिकामं, त्या दिवशी भुरीही रिकाम्या पोटी.

मग पाऊस आला. जूनमध्ये बेडूक, नाकतोडे, खेकडे यांची चंगळ झाली आणि भुरीच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या. पण या काठावर पावसाळा एक वेगळाच खेळ खेळतो. वस्तीवर आभाळ कोरडं असतं, ऊनही पडलेलं असतं आणि पाणी मात्र गुपचूप वर चढत असतं! कारण पाऊस पडतो दूर त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडे आणि अकोल्याच्या डोंगरात. तिकडची धरणं भरली, दरवाजे उघडले की ते पाणी वाहत इथे येतं. पाऊस नाही म्हणून निवांत झोपावं, तर सकाळी पाणी पालाच्या खुंटीशी!

त्या ऑगस्टमध्ये भुरीने एका जुन्या फुटक्या होडीखाली चार पिल्लं घातली होती. मांजराच्या पोटात पिल्लं सुमारे नऊ आठवडे वाढतात. जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले आणि कानही बंद. अशी चार पिल्लं आणि वर चढणारं पाणी. आमच्या शाळेतल्या वस्तीवरच्या मुलांनी मला सांगितलं, "बाई, भुरीनं एका रात्रीत तीनदा घर बदललं!" होडीखालून बाभळीच्या ढिगात, तिथून चाऱ्याच्या गंजीत, तिथून आजींच्या पालाच्या मागे. एकेका पिल्लाला मानेच्या कातड्याला धरून, अंधारात, चिखलातून. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ना? घरातल्या मांजराची ती हौस असेल, भुरीची ती गरज होती.

सप्टेंबरात धरण भरलं आणि पैठणला दरवाजे उघडले. सगळीकडे आनंद झाला. भुरीची चारातली दोन पिल्लं मात्र तोवर राहिली नव्हती. एक पावसात भिजून गारठलं, एक कुत्र्याने नेलं. तिसरं दिवाळीच्या आधी घारीने उचललं. चौथं, पिवळं, ते एका मासेमाराच्या मुलीने घरात घेतलं. चारातलं एक. मुलांनो, ही गोष्ट मला गोड करून सांगता आली असती, पण मग ती खरी राहिली नसती.

हिवाळ्यात तुम्ही नाथसागर बघायला जाच. नगरहून शेवगाव आणि तिथून पैठणच्या रस्त्याला लागायचं. वाटेत घोटणला मल्लिकार्जुनाचं जुनं दगडी देऊळ आहे, तेही बघा. या जलाशयाला १९८६ पासून पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे. थंडीत इथे चक्रवाक येतात, थापट्या बदकं येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारे हंस तर हिमालय ओलांडून येतात. उंच पायांचे गुलाबी-पांढरे रोहित उथळ पाण्यात मान उलटी घालून चरताना दिसतात. काळेकुट्ट, पांढऱ्या कपाळाचे वारकरी पक्षी तर थव्याने. दुर्बीण असेल तर न्या, नसेल तर सकाळी लवकर जा आणि गप्प बसा. गप्प बसणं हीसुद्धा एक दुर्बीणच आहे. एक मात्र ध्यानात ठेवा. ओल्या गाळात पाय टाकायचा नाही. वरून वाळलेला दिसतो आणि आत गुडघ्यापर्यंत ओढतो. मोठ्या माणसांशिवाय पाण्याजवळ जायचंच नाही.

तुम्हाला वाटेल, एवढे पक्षी म्हणजे मांजराची मेजवानीच! तसं नाही हो. बदकं पाण्यावर, मांजर काठावर. थव्यातलं एक तरी बदक सावध असतंच. हिवाळ्यात भुरीचं पोट भरलं ते हरभऱ्याच्या आणि ज्वारीच्या रानातल्या उंदरांवर आणि पहाटेच्या जाळ्यातल्या मासळीवर. अंगावरचे केस दाट झाले. रात्री ती आजींच्या विझलेल्या चुलीजवळ, उबदार राखेत झोपायला लागली. पण हात लावू द्यायची नाही.

खरा पेच पडला तो पुढच्या एप्रिलमध्ये, २०२५ साली.

वस्तीसमोर पाण्यात एक टेकाड आहे. ती जुन्या गावाची पांढर. धरण झालं तेव्हा या फुगवट्याखाली शंभरावर गावं गेली. त्यांतल्याच एका गावाची ती जागा. हिवाळ्यात तिचं बेट होतं. पाणी उतरायला लागलं की नदी सुरय नावाचे पक्षी अशा उघड्या बेटांवर उतरतात. पिवळी चोच, काळी टोपी आणि दुभंगलेली शेपटी. ते घरटं बांधत नाहीत. मातीत नुसता खळगा करतात आणि त्यात दोन-तीन अंडी घालतात. टिटवीचंही तसंच. भोवती पाणी आहे तोवर अंडी सुरक्षित. पण पाणी आणखी उतरलं की एका बाजूला गाळ उघडा पडतो, बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्र्या-मांजरांना चालत जायला वाट होते.

भुरी त्या वाटेने गेली. टिटव्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी वर्गात दोन तट पडले. चौथीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, भुरीला हाकलून दिलं पाहिजे. सुरय फक्त इथंच अंडी घालतात, मांजर कुठंही राहील." त्याच्या शेजारची मुलगी रडायलाच लागली. "तिला भूक लागली तर ती काय करणार? तिला काय कळतंय अंड्यात पिल्लू आहे ते?"

दोघांचंही खरं होतं. तुम्ही काय उत्तर दिलं असतं? पुढे वाचण्याआधी जरा विचार करा.

मला वाटतं, चूक भुरीची नव्हती आणि सुरयांची तर नव्हतीच. चूक होती त्या गोणीची. कोणीतरी आपल्या घरातला प्रश्न गोणीत बांधला आणि दुसऱ्याच्या घरात नेऊन सोडला. आता तिला हाकलायचं म्हणजे पुन्हा गोणी आणायची आणि तिसऱ्याच्या घरात नेऊन सोडायची. प्रश्न सुटत नाही, फक्त गाव बदलतं.

उत्तर सापडलं ते आजींकडे. मी त्यांना विचारलं, "आजी, एवढ्या तुमच्या ओढाताणीत या मांजरीला का सांभाळता?" त्या जाळं विणत होत्या. मान वर न करता टेकाडाकडे हात करून म्हणाल्या, "ते टेकाड हाये ना बाई, तिथं माझं माहेर व्हतं. गाव उठलं तव्हा मी तुमच्या पोरींयेवढी. भांडीकुंडी, दानादुना समदं गोन्यांत भरलं. घरची मांजर काई घावली न्हाई. बाप म्हनला, उद्या येऊन नेऊ. उद्या आलो तर पानी आलेलं."

एवढंच बोलल्या. मग सुई पुन्हा जाळ्यात.

त्या संध्याकाळपासून आजींनी नेम धरला. दिवस मावळायच्या आत भुरीला पोटभर मासळी द्यायची आणि मग तिला कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकायचं. सकाळी ऊन आलं की सोडायचं. भरल्या पोटाची मांजरी पहिले दोन दिवस ओरडली, मग गप्प झोपायला लागली. वस्तीवरच्या मोठ्या माणसांनी वनरक्षकांना सांगून गाळाच्या चिंचोळ्या वाटेवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या, म्हणजे कुत्रीही अडतील. मुलांनी टेकाडावर जायचं नाही, लांबूनच मोजायचं, असं ठरलं. सगळी अंडी वाचली असं मी म्हणणार नाही. पण त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला, आणि तोवर राखाडी पिल्लं आईमागे पाण्यावर चकरा मारताना आमच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिली. पुढे तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून भुरीची शस्त्रक्रियाही करून घेतली. आता तिला पिल्लं होणार नाहीत. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की तिला पिल्लं होऊ शकतात आणि वर्षात दोन-तीनदा होऊ शकतात. हिशेब करून बघा, गोण्या किती लागतील!

मांजराची आणि माणसाची संगत फार जुनी. भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं. त्या बेटावर मांजरं मुळात नव्हतीच, म्हणजे माणसानेच त्यांना होडीतून नेलं असणार. धान्याच्या कोठारातले उंदीर खावेत म्हणून आपण मांजराला जवळ केलं. कोकणातल्या बंदरांवर आजही लिलावाच्या वेळी मासळीच्या टोपल्यांभोवती मांजरं घुटमळतात. तेव्हा मांजर रानात 'आपलं आपण जगेल' हे काही खरं नाही. ते जगलं, तर कोणाच्या तरी जाळ्यावर जगेल, नाहीतर कोणाच्या तरी अंड्यांवर.

आता थोडं आईबाबांसाठी. घरच्या मांजरीची शस्त्रक्रिया करून घ्या, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. पिल्लं झालीच तर दोन महिने आईजवळ राहू द्या आणि मग शेतकऱ्याकडे, किराणावाल्याकडे, जिथे उंदरांचा त्रास आहे अशा घरी विचारून द्या. जनावराला उपाशी-तहानलेलं राहील असं सोडून देणं हा १९६० सालच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि मुलांनो, भटक्या मांजराला उचलून घ्यायला जाऊ नका. ओरखडलं किंवा चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, घरी सांगायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन डॉक्टर सांगतील ती लस घ्यायची. लपवायचं नाही.

नाथसागराला गेलात तर भुरी तुम्हाला दिसेलच असं नाही. पाणी जिथे असेल तिथे पालं असतील, आणि पालं जिथे असतील तिथे ती. दिसली तर लांबूनच बघा. फाटक्या कानाची, राखेच्या रंगाची. आता बरीच गुबगुबीत झाली आहे.

आणि तुमच्या घरी रिकामी गोणी असेल, तर ती ज्वारी भरायला ठेवा.